पुठ्ठ्याचा आयफेल टॉवर आणि न बोललेली फ्रेंच

वाचकांचे प्रश्न

परभाषेच्या वर्गात प्रकल्प कसे घ्यावेत आणि त्यातून मुलांना शिकण्याची ओढ खरोखर लागते का, याविषयी या वेळी बरीच पत्रे आली. त्यांतले सात प्रश्न निवडले आहेत. काही पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी आठवीला फ्रेंच शिकवते. दिवाळीनंतर ‘फ्रान्स’ या विषयावर गटप्रकल्प दिला. मुलांनी तीन आठवडे खपून पुठ्ठ्याचा आयफेल टॉवर केला, चीजच्या प्रकारांचा तक्ता लावला, झेंडे रंगवले. वर्गात नुसता उत्साह होता. पण पुढच्या चाचणीत वाक्यरचना होती तिथेच. प्रकल्पाने मुलांची ओढ वाढते म्हणतात, मग ती फ्रेंचपर्यंत का पोचली नाही? (शिक्षिका, पुणे)

मुलांचा उत्साह खराच होता, पण तो पुठ्ठ्याचा होता. त्या तीन आठवड्यांत एकेका मुलाने किती मिनिटे फ्रेंच वाचली, लिहिली किंवा बोलली, याचा हिशोब मांडून पाहा. माहिती इंग्रजीतून वाचली गेली. कापणे, चिकटवणे, भांडणे, समेट करणे हे सगळे मराठीत झाले. फ्रेंच उरली ती तक्त्याच्या मथळ्यात आणि चीजच्या नावांत. मूल जे करते तेच त्याला येऊ लागते. तुमची मुले पुठ्ठ्याच्या कामात नक्कीच तयार झाली असणार.

प्रकल्प ठरवण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. फ्रेंचचा गंधही नसलेल्या मुलाला ही वस्तू करता येईल का? येत असेल, तर तो कार्यानुभवाचा किंवा भूगोलाचा प्रकल्प आहे. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा : ही वस्तू फ्रेंचमधूनच कोणाला हवी आहे? शिक्षिकेला मराठी समजते आणि वर्गालाही समजते. अशा वेळी फ्रेंच बोलणे म्हणजे सगळ्यांनी मिळून पाळलेले सोंग असते, आणि मुलांना सोंग लगेच कळते.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली प्रकल्प पद्धतीवर निबंध लिहिला. त्यात मनापासून आणि हेतू ठरवून केलेल्या कामावर त्यांचा सगळा भर होता. पुढे काही वर्षांतच दक्षिण फ्रान्समधल्या एका खेड्यात सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने वर्गात छोटा छापखाना आणला. मुले आपले मजकूर स्वतः खिळे जुळवून छापत आणि दुसऱ्या गावच्या शाळेला धाडत. तिकडून उत्तर यायचे. शुद्धलेखन का नीट हवे, हे तिथे वेगळे शिकवावे लागत नसे. परभाषेच्या बाबतीत गाजलेले उदाहरण १९८०च्या दशकाच्या सुरुवातीचे, जर्मनीतले आहे. इंग्रजी शिकणाऱ्या सहावीच्या मुलांना फ्रँकफुर्टच्या विमानतळावर नेऊन इंग्रजी बोलणाऱ्या प्रवाशांच्या मुलाखती घ्यायला लावल्या. आधी वर्गात विचारण्याचा सराव झाला, मग प्रत्यक्ष मुलाखती झाल्या आणि परतल्यावर त्या ध्वनिफितींवर काम झाले. समोरच्याला जर्मन येत नाही, या एका गोष्टीने सगळे बदलले.

तुमच्या वर्गासाठी आम्ही विषयच उलटा करायला सुचवू : विषय आपला, भाषा त्यांची. ‘फ्रान्स’ घेतला की मुले कोशातला मजकूर उतरवतात. त्यातला कर्मणी प्रयोग आणि भूतकाळ त्यांनी शिकलेलाच नसतो. त्याऐवजी ‘आमची शाळा : फ्रेंच पाहुण्यासाठी चार मिनिटांची ध्वनिफीत’ घ्या. फाटकापासून निघून वाचनालय, प्रयोगशाळा, पाण्याची टाकी, मुख्याध्यापकांची खोली असा फेरा आखा. साधारण पंचवीस वाक्यांत काम होते. लागणारी भाषा मोजकी आहे : ‘इल इ आ’ म्हणजे आहे, डावीकडे, उजवीकडे, वळा, सरळ जा, आणि मजले. मजल्यांची मोजणी आपल्यासारखीच आहे : ‘रे द शोसे’ म्हणजे तळमजला आणि ‘प्रमिए एताज’ म्हणजे त्याच्या वरचा, आपला पहिला मजला. पाहुण्याला ‘व्हू’ म्हणायचे, ‘त्यू’ नाही. हे मराठी मुलांना समजावण्यात वेळ जात नाही, कारण तू आणि तुम्ही त्यांच्या घरातच आहे.

फ्रेंच पाहुणा मिळाला नाही, तर दुसऱ्या तुकडीतली फ्रेंच शिकणारी मुले बोलवा. त्यांना ध्वनिफीत ऐकवा, पण जायचे कुठे ते सांगू नका. ती वाचनालयाच्या दारात पोचली तर भाषा बरोबर. ‘आ द्र्वात’ म्हणजे उजवीकडे आणि ‘तू द्र्वा’ म्हणजे सरळ. शेवटचा ‘त’ गिळला की पाहुणा भलत्याच खोलीत शिरतो. वहीत दहा वेळा लाल खूण करूनही न सुटणारी ही चूक, वर्गमित्र चुकीच्या दारासमोर उभा असलेला दिसला की सुटते.

प्रश्न : नववीला जर्मन. ४० मुले, आठवड्याला तीन तासिका, प्रत्येक ३५ मिनिटांची. पुस्तक संपवायचेच आहे. प्रकल्प बसवायचा कुठे? कृपया तासिकांनुसार सांगा. (शिक्षक, नाशिक)

प्रकल्प पुस्तकानंतर ठेवलात तर तो कधीच होणार नाही. तो एखाद्या धड्याच्या जागी बसवा. खाण्यापिण्याचा धडा यासाठी सोयीचा असतो. आठ तासिका, म्हणजे तीन आठवड्यांहून थोडे कमी. निष्पत्ती : ‘आमच्या डब्यातले दहा पदार्थ’ ही पुस्तिका. चौघांचा एक गट असे दहा गट करा. प्रत्येक गटाला एक पान आणि पानावर ५० ते ६० शब्द. हा आकडा मुद्दाम लहान ठेवला आहे. जर्मन शिकवणाऱ्या गोएथे संस्थेच्या ए-१, म्हणजे सर्वांत पहिल्या पातळीच्या, परीक्षेत लिहायचा संदेशच जेमतेम ३० शब्दांचा असतो. त्या पातळीच्या मुलाकडून दोनशे शब्द मागितले, तर ते यंत्राकडून किंवा ताईकडून लिहून आणेल.

सुरुवातीला स्वतः एक पान लिहून काढा. कांदेपोहे घ्या, वीस मिनिटे लागतील. त्यातला प्रत्येक शब्द आणि प्रत्येक रचना अधोरेखित करा. मुलांना लागणारी भाषा ती हीच. साधारण २५ नामे, दहाएक क्रियापदे, ‘आधी, मग, त्यानंतर, शेवटी’ हे चार शब्द, मापे, आणि द्वितीयेतले (म्हणजे कर्माच्या नामाआधीचे) आर्टिकल. यातले एक तृतीयांशाहून जास्त मुलांना नवे असेल, तर काम अजून छोटे करा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. मग तिसऱ्या तासिकेला ‘सर, याला काय म्हणतात’ या प्रश्नांचा पूर येतो आणि चाळीस मुले एका शिक्षकाच्या तोंडाकडे बघत बसतात.

पहिल्या तासिकेला तुमच्या पानाच्या कापलेल्या पट्ट्या वाटा. गटांनी त्या क्रमाने लावायच्या आणि मग आपला पदार्थ निवडायचा. अट अशी की आठांहून जास्त जिन्नस नकोत आणि सातांहून जास्त पायऱ्या नकोत. पुरणपोळीचा हट्ट इथेच मोडून काढा. दुसरी तासिका मापांची. इथे मराठी मदतीला येते : ‘दोन वाट्या पोहे’ आणि ‘त्स्वाय टासन राइसफ्लॉकन’ यांची बांधणी एकच आहे, मध्ये काही लागत नाही. इंग्रजीच्या सवयीने मुले तिथे ‘फॉन’ (इंग्रजीतला ‘ऑफ’) घुसवतात. ‘मराठीत म्हणून बघ’ एवढे सांगितले की पुरते.

तिसरी तासिका सगळ्यांत कठीण, कारण ती शब्दक्रमाची आहे. ‘आधी आपण कांदे चिरतो’ हे जर्मनमध्ये ‘त्सुएर्स्ट श्नाइडन वीर डी त्स्वीबल्न’ होते. क्रियापद दुसऱ्या जागेवरून हलत नाही, म्हणून ‘आपण’ त्याच्या मागे जातो. मुले हमखास ‘त्सुएर्स्ट वीर श्नाइडन’ लिहितात. एकेका शब्दाचे मोठे कार्ड करून मुलांना रांगेत उभे करा. क्रियापदवाल्या मुलाला दुसऱ्या जागेवर खडूच्या चौकोनात उभे करा आणि तिथून हलू देऊ नका. वाक्याची सुरुवात ‘आपण’ने करा, मग ‘आधी’ने, मग ‘कांदे’ने. बाकीची मुले इकडेतिकडे जातील, चौकोनातले जाणार नाही. दहा मिनिटांत चारपाच वाक्ये होतात.

चौथ्या तासिकेत पहिला खर्डा वर्गातच आणि हाताने लिहायचा, फोन बंद ठेवून. पाचव्यात पानांची अदलाबदल करा. दुसऱ्या गटाने पान वाचत तो पदार्थ नुसत्या हावभावांनी करून दाखवायचा. गॅस पेटवलाच नाही, मीठ दोनदा पडले, कांदा न चिरताच कढईत गेला, हे सगळे लिहिणाऱ्यांना डोळ्यांसमोर दिसते. सहावी तासिका दुरुस्तीची. तुम्ही फक्त तीन गोष्टी तपासा : क्रियापदाची जागा, द्वितीयेचे आर्टिकल, मापे. चूक कुठे आहे तेवढे दाखवा, सुधारणा मुलांनी करायची. पुस्तिका बाहेर जाणार असल्यामुळे उरलेल्या चुका छापण्याआधी तुम्हीच काढा. सातव्या तासिकेत स्वच्छ प्रत आणि चित्र.

आठव्या तासिकेला व्यासपीठावरचे सादरीकरण नको. दहा गटांना तीन तीन मिनिटे दिली तर अर्धा तास जातो, एकेका मुलाच्या वाट्याला पाऊण मिनिट बोलणे येते आणि एका वेळी छत्तीस मुले गप्प बसून राहतात. त्याऐवजी बाकांवर ठेले मांडा. गटातले दोघे ठेल्यावर थांबतील, दोघे फिरतील. फिरणाऱ्यांनी प्रत्येक ठेल्यावर हे काय आहे, काय काय लागते आणि किती वेळ लागतो असे तीन प्रश्न विचारून कोष्टक भरायचे. पंधरा मिनिटांनी जोड्या बदला. त्याच अर्ध्या तासात प्रत्येक मूल दहाबारा मिनिटे जर्मन बोलते किंवा ऐकते, आणि एकच वाक्य पाचव्यांदा म्हणताना ते सहज तोंडात बसते. आठांतली कोणती एक तासिका अजिबात गाळू नये असे विचारलेत, तर ही.

आता शब्दांविषयी थोडे, कारण खरी गंमत तिथे आहे. पोह्यांना ‘राइसफ्लॉकन’ म्हणता येते. पण जर्मन घरात ‘हाफरफ्लॉकन’, म्हणजे ओट्सचे पोहे, सकाळी दुधात घालून खातात. वाचक कांदेपोह्यांवर दूध ओतायला नको, म्हणून ‘कांदा आणि मिठाबरोबर, दुधाशिवाय’ असे लिहावे लागते. मटकीला शब्दकोशात ‘मॉटनबोनन’ मिळेल. पण ‘मॉटं’ म्हणजे कपड्यांना लागणारा पतंग. नुसते तेवढे वाचून समोरचा बिचकेल, ‘बारीक तपकिरी कडधान्य’ अशी जोड हवी. फोडणीला एक शब्द नाहीच. ‘गरम तेलात मसाले थोडा वेळ परतायचे’ असे उलगडून सांगावे लागते. आपल्याकडची गोष्ट दुसऱ्याला त्याच्या भाषेत समजेल अशी करून देणे, या कौशल्याला ए-१सारख्या पातळ्या ठरवणाऱ्या युरोपीय भाषा-आराखड्याच्या २०२० सालच्या पुरवणीने स्वतंत्र आणि मोठी जागा दिली आहे. मुलांचा भाव इथे वधारतो, कारण फोडणी म्हणजे काय हे वाचकापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असते.

उत्साह ओसरतो तो चौथ्या ते सहाव्या तासिकेत. सुरुवातीची नवलाई संपलेली असते आणि शेवट अजून दूर असतो. त्यावर उपाय म्हणजे मध्येच एक वाचक. तयार झालेली दोन पाने आठवीच्या वर्गाबाहेर लावा आणि खाली प्रश्न लिहायला जागा ठेवा.

प्रश्न : गटात बसवले की मुले मराठीतच बोलतात. कसे थांबवायचे? (शिक्षिका, सांगली)

सगळे थांबवू नका. कोण काय करणार, कुठला पदार्थ घ्यायचा, हा वाद ए-१च्या भाषेत घालणे अशक्य आहे. तिथे मराठी बंद केलीत तर वादच बंद पडतो आणि हुशार मूल एकटे ठरवून टाकते. जिथे परभाषा सक्तीची, त्या जागा आधी सांगून ठेवा : लेखी मजकूर, दुसऱ्या गटाशी बोलणे, शिक्षकाकडे काही मागणे. त्यासाठी लागणारी दहा वाक्ये फळ्याच्या कडेला कायम लिहिलेली असू द्यात. ‘पुन्हा सांगाल का’, ‘याला काय म्हणतात’, ‘माझी पाळी’, ‘कात्री दे’, ‘बरोबर आहे का’, अशी. ती न पुसता महिनाभर तशीच राहिली की मुले तिकडे न बघता बोलू लागतात. दंडाची पेटी ठेवू नका. पाच रुपयांच्या भीतीने मुले जपानी किंवा जर्मन बोलत नाहीत, नुसती गप्प बसतात.

प्रश्न : मी जपानीच्या एन-५ (सर्वांत पहिल्या पातळीच्या) परीक्षेची तयारी घेतो. नोकरीच्या आशेने मुले येतात आणि तिसऱ्या महिन्यापासून गळायला लागतात. प्रकल्पाला वेळ द्यावा असे वाटते, पण परीक्षेत बोलणे-लिहिणे नाही. मग तो वेळ वाया नाही का जाणार? (शिक्षक, पिंपरी-चिंचवड)

गळतीची वेळ तुम्ही अचूक सांगितली आहे आणि कारणही तिथेच आहे. पहिल्या दीडदोन महिन्यांत हिरागाना आणि काताकाना या दोन्ही काना लिप्या वाचता येऊ लागतात. काल रेघोट्या वाटणारे आज वाचता येते, हा आनंद मोठा असतो. त्यानंतर कांजी (चिनीतून आलेली चित्राक्षरे) आणि क्रियापदांची रूपे सुरू होतात आणि रोजची प्रगती दिसेनाशी होते. परीक्षा पूर्ण बहुपर्यायी आहे. १८० पैकी ८० गुण हवेत, त्यात भाषाज्ञान-वाचनाच्या १२० पैकी किमान ३८ आणि श्रवणाच्या ६० पैकी किमान १९. म्हणजे सहा महिने अभ्यास करूनही, एकाही माणसाला जपानीत एकही गोष्ट न सांगता विद्यार्थी उत्तीर्ण होऊ शकतो.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीनुसार आतून येणारी ओढ तीन गोष्टींवर टिकते : काही निर्णय आपल्या हातात असणे, आपल्याला जमते आहे असा अनुभव, आणि आपण कोणाशी तरी जोडलेले आहोत ही भावना. सराव-प्रश्नपत्रिकांत पहिले आणि तिसरे जवळपास नसते. दुसरे असते, पण फक्त वरच्या चार मुलांना. भाषाशिक्षणाचे अभ्यासक झोल्तान डोर्न्येई यांनी २००५ साली मांडले की भाषा शिकणाऱ्याला पुढे नेते ते त्या भाषेत वावरणारे स्वतःचे भावी चित्र. ‘जपानी कंपनीत नोकरी’ हे चित्र तुमच्या मुलांपुढे आहे, पण ते तीनचार वर्षे लांब आहे. त्याचा एखादा लहान तुकडा आज हातात द्यावा लागतो.

तो तुमच्या जवळच आहे. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान हे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान आहे. ते ओकायामातल्या, १७०० साली पूर्ण झालेल्या कोराकुएन या बागेच्या धर्तीवर केले आहे. जपानी पाहुण्यासाठी या उद्यानाचे एक पानी माहितीपत्रक करा. चार आठवडे, आठवड्याला फक्त अर्धा तास, आणि एक रविवार सकाळ बागेत. प्रत्येक जोडीला बागेचा एक भाग आणि सहा ते आठ वाक्ये. पाण्याचा प्रवाह, पूल, हिरवळ, मासे, यांतले काय घ्यायचे ते जोडीने ठरवायचे.

‘बागेत तळे आहे’ म्हणजे ‘निवा नि इके गा आरिमासु’. शब्दाला शब्द लावून पाहा : निवा बाग, नि म्हणजे आपला सप्तमीचा ‘त’, इके तळे, आरिमासु आहे. मधला ‘गा’ तेवढा कर्ता दाखवणारा जास्तीचा. मराठी मुलाला हा क्रम शिकवावा लागत नाही. तो आपलाच आहे हे दाखवून द्यावे लागते, आणि तेही इंग्रजी मध्ये न आणता. अडते ते सजीव-निर्जीवाच्या भेदापाशी : तळ्याला ‘आरिमासु’, पण माशांना ‘इमासु’. पत्रक करताना हा भेद प्रत्येक जोडीला दोनतीनदा करावाच लागतो. ‘हाशी’ म्हणजे पूल आणि जेवणाच्या काड्याही, फरक स्वरांच्या चढउतारात. हे ध्वनिमुद्रण करून एकमेकांना ऐकवा, श्रवणाच्या भागाला त्याचा थेट उपयोग होतो.

कांजी मात्र प्रकल्पातून येणार नाहीत. त्या गिरवूनच येतात, आणि तसे मुलांना स्पष्ट सांगावे. जुलै आणि डिसेंबरच्या परीक्षेआधीचे तीन आठवडे प्रकल्प पूर्ण बंद ठेवा. तो सुरू करायची वेळ म्हणजे तुमचा तिसरा महिना.

प्रश्न : मुले घरून यंत्राने भाषांतर करून आणतात. ओळखू येते, पण सिद्ध कसे करायचे? (शिक्षिका, ठाणे)

सिद्ध करण्याच्या मागे लागू नका. त्यात नाते बिघडते आणि मूल पुढच्या वेळी जास्त सफाईने आणते. पहिला खर्डा वर्गात, हाताने लिहिला गेला की निम्मा प्रश्न संपतो. उरलेल्यासाठी एकच नियम ठेवा : पानावरच्या कुठल्याही शब्दावर शिक्षिका बोट ठेवेल आणि लिहिणाऱ्याने तो मराठीत समजावून सांगायचा. पाच शब्दांवर बोट ठेवायला एक मिनिट लागते. ज्याला सांगता आले, त्याने तो शब्द कुठूनही आणलेला असो, तो त्याचा झाला. सांगता न आलेला शब्द खोडून सोपा घालायचा. ओरडायचे कारण नाही.

यंत्राची मर्यादाही मुलांना दाखवून द्या. ते बहुधा इंग्रजी वाक्य टाकतात. इंग्रजी ‘यू’मध्ये तू, तुम्ही आणि आपण एकाच पोत्यात भरलेले असतात. समोर मित्र आहे की मित्राची आजी, हे यंत्राला त्या वाक्यावरून कळत नाही. पाहुण्याच्या जर्मन पत्रात एका ओळीत ‘झी’ (तुम्ही) आणि पुढच्या ओळीत ‘डू’ (तू) आले तर वाचणाऱ्याला कसे वाटेल, हे मराठी मुलांना चटकन समजते.

प्रश्न : गटात एक मूल सगळे करते, गुण चौघांना मिळतात. वरून उत्कृष्ट गटाला बक्षीस ठेवले तर भांडणे. गुण कसे द्यावेत? (शिक्षक, सीबीएसई शाळा, नागपूर)

२० गुण धरले तर १२ वैयक्तिक आणि ८ गटाचे ठेवा. वैयक्तिकमध्ये हाताने लिहिलेल्या पहिल्या खर्ड्याला ४, तोंडी प्रश्नांना ५, आणि रोज शेवटच्या दोन मिनिटांत लिहायच्या तीन ओळींच्या नोंदवहीला ३. गटामध्ये वाचणाऱ्याला मजकूर समजला का याला ४ आणि आधी ठरवलेल्या तीन भाषिक गोष्टींना ४. सजावटीला शून्य, आणि हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा. सीबीएसईच्या अंतर्गत मूल्यमापनाचे चार भाग पाच पाच गुणांचे असतात. नोंदवही आणि खर्डे तिथे पोर्टफोलिओत जातात, वेगळे काम वाढत नाही. एकट्याने राबणाऱ्या मुलासाठी कामेच अशी वाटा की एकाशिवाय दुसऱ्याचे अडेल : जिनसांची यादी एकाकडे, कृती दुसऱ्याकडे, प्रश्नांची उत्तरे तिसऱ्याकडे, उच्चार आणि ध्वनिमुद्रण चौथ्याकडे. तोंडी प्रश्न मात्र आपल्या भागाचा नाही, शेजाऱ्याच्या भागाचा विचारा.

बक्षीस ठेवू नका, असे आमचे ठाम मत आहे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्रे काढायला आवडणाऱ्या काही मुलांना ‘चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले. पुढे मोकळ्या वेळेत तीच मुले इतरांपेक्षा कमी चित्रे काढू लागली. ज्यांना प्रशस्तिपत्र अनपेक्षितपणे मिळाले, त्यांच्यात ही घट दिसली नाही. आधी जाहीर केलेले बक्षीस आवडत्या कामाला मजुरी बनवते. मुलांना द्यायचेच असेल तर वाचकाचे उत्तर मिळवून द्या.

प्रश्न : आमची शाळा तालुक्याच्या गावी. आठ वर्षांत एकही परदेशी माणूस इकडे फिरकलेला नाही. तुम्ही म्हणता तो ‘खरा वाचक’ आम्ही आणायचा कुठून? (शिक्षक, बीड जिल्हा)

परदेशी माणूसच हवा असे नाही. मराठी ज्याच्या कामाची नाही किंवा मजकूर ज्याने आधी पाहिलेला नाही, असा कोणीही चालतो. सर्वांत सोपा वाचक म्हणजे तीच भाषा शिकणारी दुसऱ्या जिल्ह्यातली किंवा दुसऱ्या राज्यातली शाळा. बेंगळुरू किंवा चेन्नईचा वर्ग मिळाला तर उत्तमच, कारण तिथे मराठीचा आडोसा राहत नाही आणि दोन्ही वर्गांची पातळी सारखी असते. दुसरा वाचक म्हणजे परदेशात वाढणारी मराठी घरातली मुले. युरोपातल्या मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळे आहेत. तिथली दहाबारा वर्षांची मुले मराठी बोलतात, पण लिहिण्यावाचण्यात शाळेतली जर्मन किंवा फ्रेंच त्यांना जवळची असते. मंडळाला शाळेच्या पत्त्यावरून पत्र पाठवा. मागणी छोटी आणि नेमकी असू द्या : दहा मुले, एक एक पान, तीन आठवड्यांत उत्तर.

वर्ग जोडायचे असतील तर पंचांग आधी जुळवा, बहुतेक देवाणघेवाण तिथेच मोडते. जर्मनीत सुट्ट्या प्रत्येक राज्याच्या वेगळ्या असतात. बाडेन-व्ह्युर्टेम्बर्गमध्ये उन्हाळ्याची सुट्टी जुलैअखेर सुरू होऊन सप्टेंबरात संपते. फ्रान्समध्ये जुलै-ऑगस्ट पूर्ण बंद. जपानमध्ये शैक्षणिक वर्षच एप्रिलमध्ये सुरू होते. आपली मे महिन्याची सुट्टी, गणपती आणि दिवाळी धरली तर युरोपाशी काम करायला नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते डिसेंबरचा मध्य आणि मग जानेवारी-फेब्रुवारी एवढीच सलग वेळ उरते.

दृक्संवाद ठेवायचा असेल तर घड्याळही बघा. जर्मनी आणि फ्रान्स उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार तास. आपली दुपारची दीड म्हणजे त्यांची हिवाळ्यातली सकाळची नऊ. जपान वर्षभर साडेतीन तास पुढे, त्यामुळे आपली सकाळची दहाची तासिका त्यांच्या दुपारी दीडला पडते. पहिला संवाद वीस मिनिटांहून जास्त नको आणि पूर्ण वर्ग कॅमेऱ्यासमोर नको. चार मुलांनी बोलायचे, बाकीच्यांनी ऐकून कोष्टक भरायचे, पुढच्या वेळी दुसरी चार. वीज किंवा नेट गेले तर काय, याची तयारी म्हणून प्रत्येकाचा एक मिनिटाचा ध्वनिसंदेश आदल्या दिवशीच पाठवून ठेवा. मुलांची पूर्ण नावे, घरचे पत्ते आणि फोन नंबर कुठेही जाऊ देऊ नका. पत्रव्यवहार शाळेच्या ईमेलवरून करा आणि छायाचित्रांसाठी दोन्हीकडच्या पालकांची लेखी परवानगी घ्या.

नेट अजिबातच धड नसेल, तर टपाल आहे. पण टपालाने उत्तराला महिना-दोन महिने लागू शकतात हे धरून पहिले पाकीट शाळा उघडल्याबरोबर, जूनअखेर निघाले पाहिजे. त्याची एक प्रत वर्गात ठेवा, म्हणजे उत्तर येईल तेव्हा आपण काय विचारले होते ते मुलांना आठवेल.